मुलीच्या हातातील चेंडू आणि आईवडिलांची कसोटी



अशी कल्पना करा की जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेचा सामना चालू आहे. तुमची मुलगी पिचर आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल अशा वेषात ती मैदानाच्या मधोमध उभी आहे आणि प्रत्येक चेंडू तिच्याच हातून सुटतो आहे. पाचवा डाव सुरू आहे, संघ एका धावेने पुढे आहे, प्रतिस्पर्ध्यांच्या दोन मुली बेसवर आहेत. इतक्यात प्रशिक्षक पंचांना खूण करून मैदानात येतात, तुमच्या मुलीशी दोन शब्द बोलतात, तिच्या हातातील चेंडू घेतात आणि दुसऱ्या मुलीच्या हाती देतात. तुमची मुलगी मान खाली घालून बाहेर येते.

त्या क्षणी तुमच्या मनात काय येते? मैदानावर काय घडले हे धावफलकावर लिहिले जाते. मनात काय घडले हे आपल्याशिवाय फक्त अल्लाह जाणतो. या लेखाचा विषय हे मनातील घडणे आहे.

एका खेळातील इतक्या छोट्या प्रसंगाचा विचार धार्मिक मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की माणसाच्या चारित्र्याची परीक्षा मोठ्या संकटांतच होते असे नाही. मोठ्या संकटात आपण सावध असतो. लोक पाहत असतात, तोंडी सब्राचे शब्द येतात. छोट्या प्रसंगात मात्र आपण बेसावध असतो आणि म्हणून तेथे आपले खरे रूप दिसते. शिवाय हा प्रसंग आपल्या संततीशी संबंधित आहे. संपत्ती आणि संतती या माणसासाठी कसोटी आहेत, असे कुरआन सांगतो. आपण त्याचा अर्थ बहुधा संकटाच्या दिशेने घेतो, म्हणजे मूल आजारी पडले वा वाया गेले तर ती कसोटी. परंतु मूल गुणी निघाले, त्याचे नाव झाले, चार लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागले, ही कसोटी त्याहून अवघड असते.

प्रथम खेळ समजून घेऊ. सॉफ्टबॉलमध्ये पिचरचे स्थान अन्य खेळाडूंपेक्षा वेगळे असते. बाकीच्या आठ जणींकडे चेंडू कधी येतो, कधी येत नाही. पिचरच्या हातून मात्र खेळाचा प्रत्येक क्षण सुरू होतो. मोठ्या मुलींच्या खेळात पिचर आणि बॅटर यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि त्या सरावात आईवडिलांचा घाम मिसळलेला असतो. पहाटे उठून मुलीला मैदानावर नेणे, घरामागच्या भिंतीवर खडूने चौकोन आखून देणे, बूट-ग्लोव्हजसाठी महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढणे, हे सारे तुम्ही केलेले असते. त्यातच शालेय स्पर्धांतील कामगिरीवर दहावी-बारावीचे क्रीडागुण अवलंबून असतात आणि पुढे नोकरीतील खेळाडूंच्या आरक्षणाची आशाही असते. म्हणून तिच्या हातातून चेंडू जातो तेव्हा आपल्या हातातूनच काहीतरी हिसकावले गेले असे वाटते. ही वेदना खोटी नाही आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

आता प्रशिक्षकाच्या बाजूने पाहा. पिचर बदलण्याची कारणे अनेक असतात. त्याच बॅटर त्याच पिचरसमोर दुसऱ्या-तिसऱ्यांदा आल्या की त्यांची नजर तिच्या चेंडूच्या वेगाला आणि लयीला सरावते. अशा वेळी एखादी संथ टाकणारी नवी पिचरही त्यांना चकवते. कधी पिचरचे चेंडू नेमक्या जागी पडेनासे होतात. कधी तिला दुपारच्या दुसऱ्या सामन्यासाठी राखून ठेवायचे असते. कधी दुसऱ्या मुलीला अनुभव द्यायचा असतो, कारण पुढच्या वर्षी संघ तिच्यावर उभा राहणार असतो. यांतील बहुतेक कारणे प्रेक्षकांत बसलेल्या पालकाला दिसत नाहीत. आपण एका मुलीकडे पाहत असतो, प्रशिक्षक सगळ्या संघाकडे पाहत असतो. आपल्याला त्याच्यापेक्षा आपली मुलगी अधिक ठाऊक असते, हे खरे. पण उरलेल्या मुली आपल्याला ठाऊक नसतात, हेही तितकेच खरे.

येथपर्यंतची गोष्ट समजूतदारपणाची झाली. खरा नैतिक प्रश्न याच्या पुढे आहे आणि तो मी स्वतःच्या अपराधातून शिकलो, म्हणून तो तुमच्यासमोर उघड मांडतो.

वर वर्णिलेला प्रसंग माझ्या नववीतील मुलीचा आहे. तिच्या जागी जी मुलगी आली ती आठवीत होती. हात थरथरत असल्याचे लांबूनही दिसत होते. तिचे पहिले तीन चेंडू बाहेर गेले आणि तेव्हा माझ्या मनाला बरे वाटले. चौथाही बाहेर गेला, समोरच्या बॅटरला फुकटचा बेस मिळाला, आणि मी शेजारच्या गृहस्थाला म्हणालो, “बघा, मी काय म्हणत होतो!” माझ्या दोन ओळी पुढे त्या मुलीची आई बसली होती. तिने मागे वळून पाहिले. ती काही बोलली नाही. पण माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होते ते तिने पाहिले असणार, ही जाणीव आजही मला टोचते.

वाचकहो, विचार करा. मी कशाची इच्छा करत होतो? एका तेरा वर्षांच्या मुलीने सर्वांसमोर अपयशी व्हावे, माझ्याच मुलीच्या संघाने हरावे, हे सारे केवळ मी बरोबर होतो हे सिद्ध व्हावे म्हणून. जो स्वतःसाठी पसंत करतो तेच आपल्या भावासाठी पसंत करीत नाही त्याचा ईमान पूर्ण नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती शिकवण मी कधी नाकारली नव्हती. परंतु माझ्या मुलीच्या हातातील चेंडू दुसऱ्याच्या मुलीच्या हाती गेला, आणि अवघ्या चार चेंडूंत ती माझ्या मनातून निघून गेली. मत्सर नेहमी शत्रूच्या रूपाने येतो असे नाही. तो अपत्यप्रेमाचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून आपण त्याला ओळखत नाही.

यावर आपले मन एक समर्थन पुढे करते. ते म्हणते, “निर्णयच चुकीचा होता, निकालाने ते दाखवून दिले.” पण निकालावरून निर्णयाची पारख होते का?

२०२१ च्या जुलै महिन्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना जपान आणि अमेरिका यांच्यात झाला. जपानची पिचर होती युकिको उएनो. तिचे वय ३९ वर्षे. हीच ती खेळाडू जिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले होते आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिले होते. टोकियोत सहाव्या डावात जपान २-० ने पुढे असताना प्रशिक्षक रेइका उत्सुगी यांनी तिला थांबवले आणि वीस वर्षांच्या मिउ गोतोच्या हाती चेंडू दिला. अमेरिकेच्या धावपटू बेसवर होत्या. अशातच एका बॅटरने जोरदार फटका मारला. चेंडू तिसऱ्या बेसवरील खेळाडूच्या हाताला लागून उडाला, तो जमिनीवर पडण्याआधी शॉर्टस्टॉपने झेलला आणि त्याच क्षणी फेकून दुसरीही धावपटू बाद केली. सॉफ्टबॉलच्या नियमाप्रमाणे सुरुवातीची खेळाडू एकदा बाहेर गेली तरी पुन्हा एकवार आत येऊ शकते. त्या नियमाने सातव्या डावात उएनो परत आली आणि जपानने २-० नेच सामना जिंकला.

तो चेंडू हाताला लागून चार बोटे दुसरीकडे उडाला असता तर? बहुधा धावा झाल्या असत्या, आणि इतकी थोर पिचर का काढली म्हणून तोच निर्णय मूर्खपणाचा ठरला असता. निर्णय तोच, कारणे तीच, हेतूही तोच. फरक फक्त चेंडू कोठे उडाला याचा, आणि ते प्रशिक्षकाच्या हाती नव्हते. २००८ साली तिला खेळवत ठेवले आणि सुवर्ण मिळाले, २०२१ साली तिला काढले आणि सुवर्ण मिळाले. यावरून कोणता नियम काढणार? माणसाच्या हाती प्रामाणिक विचार आणि प्रयत्न असतो, परिणाम अल्लाहच्या हाती असतो. न्यायाधीशाने पूर्ण प्रयत्नाने निर्णय दिला आणि तो बरोबर ठरला तर त्याला दुहेरी मोबदला आहे, आणि प्रयत्न करूनही चूक झाली तर एक मोबदला आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. ज्याच्या चुकीलाही अल्लाह मोबदला देतो, त्याची आपण मैदानाच्या कडेला बसून निंदा करावी, हे कितपत शोभते?

येथे इस्लामी इतिहासातील एक प्रसंग आठवतो. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्यासारखा सेनापती त्या काळी दुसरा नव्हता. इ.स. ६३४ मध्ये हजरत उमर (रजि.) खलीफा झाले आणि त्यांनी शामच्या सैन्याचे सर्वोच्च नेतृत्व खालिद यांच्याकडून काढून हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्याकडे सोपवले. खालिद यांनी बंड केले नाही, तंबू उखडून घरी गेले नाहीत. जेथे कालपर्यंत आज्ञा देत होते तेथे आज्ञा पाळू लागले आणि त्याच जोमाने लढत राहिले. पुढे ६३८ च्या सुमारास त्यांना पूर्णपणे पदमुक्त करण्यात आले. त्याची कारणे इतिहासकारांनी वेगवेगळी नोंदवली आहेत. त्यांपैकी प्रसिद्ध कारण असे की विजय अल्लाहकडून येतो हे विसरून लोक तो खालिद यांच्या नावावर मांडू लागले होते.

या प्रसंगाचा अर्धाच भाग आपण व्याख्यानांत सांगतो. दुसरा भाग असा की खालिद मुके राहिले नाहीत. इतिहासग्रंथांत नोंद आहे की ते मदीनेला आले आणि आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार त्यांनी खलीफांच्या तोंडावर मांडली. आणि हजरत उमर (रजि.) यांनीही प्रांतोप्रांती कळवले की खालिद यांना राग वा विश्वासघात यांमुळे दूर केलेले नाही. म्हणजे ज्याला काढले त्याने शिस्त पाळली, पण मनातले समोरासमोर सांगितले. ज्याने काढले त्याने अधिकार वापरला, पण काढलेल्याची अब्रू राखली. पालक आणि प्रशिक्षक या दोघांनाही येथे धडा आहे.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आक्षेप उठला असेल. प्रशिक्षकाचा प्रत्येक निर्णय गप्प बसून गिळावा, असे सांगणे आहे काय? मुळीच नाही. सब्र म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. म्हणून निर्णयांचे तीन प्रकार वेगळे करू.

पहिला प्रकार खेळाच्या डावपेचांचा. कोणाला कधी काढावे, कोणाला कधी आणावे, हा प्रशिक्षकाचा अधिकार आहे आणि तो चुकला तरी तो त्याचाच अधिकार आहे. येथे पालकाने मौन पाळावे. मुलीला समजून घ्यायचे असेल तर तिने स्वतः सरांना विचारावे, “मी कोठे कमी पडले?” हा प्रश्न वडिलांनी विचारला की तक्रार होते, मुलीने विचारला की शिक्षण होते.

दुसरा प्रकार शरीराचा. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, म्हणून हाताला त्रास होत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. हात वेगाने पूर्ण वर्तुळात फिरतो आणि खांद्याच्या पुढच्या भागावर मोठा ताण पडतो. बेसबॉलमध्ये अमेरिकेतील लिटल लीग या संस्थेने २००७ पासून मुलांच्या चेंडूंची मोजणी सक्तीची केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ हून अधिक चेंडू टाकू देत नाहीत. एखादा प्रशिक्षक विजयाच्या लोभाने एकाच मुलीला दिवसभर राबवत असेल, दुखत असताना टाकायला लावत असेल, तर तेथे पालकाचे मौन हा गुन्हा आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि लहान मुलीच्या बाबतीत त्या अमानतीचे रखवालदार आपण आहोत. पण एक विचित्र गोष्ट पाहा. मुलीला काढले म्हणून तक्रार करणारे पालक पुष्कळ भेटतात. तिला काढा, तिचा हात थकला आहे, असे सांगायला जाणारे विरळा.

तिसरा प्रकार अन्यायाचा. कोणाची तरी ओळख आहे म्हणून एखादीला संधी मिळते, किंवा नाव, वेष, धर्म पाहून एखादीला डावलले जाते. आपल्या समाजातील पालकांच्या मनात ही शंका लवकर येते आणि तिला कारणच नसते असे मी म्हणणार नाही. असा भेदभाव प्रत्यक्ष घडत असेल तर मुख्याध्यापकांकडे, क्रीडा अधिकाऱ्यांकडे पुराव्यासह, लेखी आणि निर्भयपणे दाद मागावी. परंतु काही तर्क पाप असतात, ही कुरआनची ताकीदही तेथेच लक्षात ठेवावी. एका सामन्यात एकदा काढले, एवढ्यावरून हा आरोप करू नये. खोट्या आरोपाने प्रशिक्षकावर अन्याय होतो, आणि उद्या जिच्यावर खरोखर अन्याय होईल त्या मुलीच्या तक्रारीचे वजनही आपण आजच कमी करून ठेवतो. स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष द्या, असा कुरआनचा आदेश आहे. आपल्या मुलीच्या खेळाबद्दल आपण देतो ती साक्ष या कसोटीला उतरते का, हे आधी पाहावे.

हे तीन प्रकार वेगळे करणे मैदानावर रागाच्या भरात शक्य नसते. म्हणून त्या दिवशी काहीच बोलू नये, एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशीही बोलावेसे वाटले तर एकांतात, आरोपाच्या नव्हे तर प्रश्नाच्या स्वरूपात बोलावे. आणि प्रशिक्षकाच्या पाठीमागे, अन्य पालकांच्या घोळक्यात तर कधीच बोलू नये. गीबतीला आपण ‘चर्चा’ म्हटले म्हणून ती गीबत राहत नाही असे नाही.

माझ्या प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिला. सामना आमचा संघ हरला. परतताना स्कूटरवर मी वाटभर बोलत होतो. सरांना खेळ कळत नाही, त्यांनी हातचा सामना घालवला, वगैरे. मागे बसलेली मुलगी गप्प होती. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, “अब्बा, सरांनी मला विचारलं होतं, खांदा दुखतोय का म्हणून. मीच हो म्हणाले.”

मी स्कूटर थांबवली. कधीपासून दुखतोय, असे विचारले. आठ दिवसांपासून, ती म्हणाली. मला का सांगितले नाहीस, असे मी विचारले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने उत्तर देण्याची गरजही नव्हती. आठ दिवस रोज संध्याकाळी भिंतीवरच्या चौकोनासमोर तिला उभे करणारा मीच होतो. ज्या माणसाला मी वाटभर दूषणे देत होतो त्याला माझी मुलगी आपले दुखणे सांगू शकली आणि मला सांगू शकली नाही. मैदानावरचा निर्णय चुकीचा होता की बरोबर, हा प्रश्न त्या क्षणी संपला. माझ्या घरातील कोणता निर्णय चुकला होता, हा प्रश्न सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी दोन ठिकाणी गेलो. सरांचे आभार मानले. त्यांना कशासाठी ते कळले. मग त्या आठवीतील मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईची माफी मागणे सोपे नव्हते, कारण मी तोंडाने तिला काहीच बोललो नव्हतो. तिने चहा दिला आणि म्हणाली, “तुमच्या मुलीने सामना संपल्यावर माझ्या मुलीला जवळ घेतलं, पाहिलंत ना?” मी पाहिले नव्हते. मी त्या वेळी सरांकडे रागाने बघत होतो.

वाचकहो, मुले आपल्याला ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात, असे आपण म्हणतो. त्या दिवशी माझी मुलगी माझ्याकडे पाहून शिकली नाही, ही अल्लाहची कृपा. पण दरवेळी ती कृपा गृहीत धरता येणार नाही. उद्या तिला परीक्षेत कमी गुण पडतील, नोकरीत कोणी तिच्या पुढे जाईल, सासरी तिचा शब्द डावलला जाईल. त्या वेळी ती कशी वागेल, याचे बीज आज परतीच्या वाटेवर आपण काय बोलतो त्यात आहे. निकाल लागताच चुकी कोणाची हे शोधायला तिने शिकावे, की आपले दुःख आवरून दुसरीच्या थरथरत्या हाताला धीर द्यायला शिकावे?

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या मुलीच्या हातातून चेंडू जाईल तेव्हा एवढेच करून पाहा. जी मुलगी आत येत आहे तिच्यासाठी मनातल्या मनात दुआ करा. ती दुआ ओठांवर येत असेल तर समजा की तुम्ही शांत आहात, आणि नंतर तुम्हाला जे बोलायचे असेल ते बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुआ येत नसेल तर समजा की या घटकेला प्रशिक्षकापेक्षा तुम्हालाच सुधारण्याची अधिक गरज आहे. आणि मुलगी बाहेर आल्यावर तिला सामन्याबद्दल काही विचारू नका. पाण्याची बाटली द्या आणि हात दुखतोय का, एवढे विचारा.

अल्लाह आपल्या संततीला आपल्या डोळ्यांची शीतलता बनवो, आणि तिच्या प्रेमात आंधळे होऊन इतरांच्या संततीवर अन्याय करण्यापासून आपणा सर्वांना वाचवो. आमीन.